चाड्यावरची मूठ आणि आराखड्यावरची सही

हवामान बदलाशी जुळवून घेण्याचे आराखडे करताना आदिवासींना, गुराख्यांना, मेंढपाळांना काय विचारायचे, असा सवाल नांदेड-लातूरकडची शिकली-सवरलेली माणसे हमखास करतात. त्यांचे म्हणणे असे की पाऊसच बदलला, तर जुन्या पावसावर बेतलेले ज्ञान आता काय कामाचे? मृगात पेरणी होत नाही, आर्द्रा कोरडी जाते आणि उडीद काढणीला आला की आभाळ फाटते. मग नक्षत्रे मोजणाऱ्यांकडून शिकायचे तरी काय?

आक्षेप पोकळ नाही. नक्षत्रांचे आडाखे चुकू लागले आहेत, हे शेतकरीच पहिल्यांदा सांगतात. पण आडाखा हा या ज्ञानाचा एक तुकडा झाला. आडाखा चुकणारच हे गृहीत धरून पेरावे कसे, हा त्याचा गाभा आहे, आणि नेमका तोच आक्षेप घेणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो.

किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात गोंड, कोलाम, आंध, परधान कुटुंबांची कोरडवाहू शेती आहे. तिथली जुनी पेरणी डोळ्यांसमोर आणा. तिफण हाकणाऱ्याची मूठ चाड्यावर, चाड्यात ज्वारी. तिफणीमागे दोरीने बांधलेला सरता, म्हणजे बी सोडायची नळी, धरून बाई चालते आणि ठरावीक तासांनंतर (ओळींनंतर) एका तासात तूर मोघत जाते. बांधाच्या कडेला अंबाडी, मधूनच मूग, चवळी, तीळ. मूग-उडीद अडीच महिन्यांत घरात येतो. ज्वारी दिवाळीच्या आसपास कापणीला येते, कडबा जनावरांना होतो. तुरीचे मूळ खोल जाते आणि ती पौषापर्यंत रानात उभी असते. श्रावणात पावसाने ओढ दिली तर मूग जातो, तूर तगते. भादव्यात झड लागली तर तुरीला मर लागते, पण तोवर मूग घरात आलेला असतो. एका पावसाने सगळे रान धुऊन जाऊ नये, एवढाच हा हिशेब, आणि पाऊस जितका लहरी तितकी त्याची गरज जास्त. किती तासांनंतर तूर घ्यायची, कोणत्या वावरात घ्यायची नाही, हे सरता धरणाऱ्या बाईला पाठ असते. आराखड्याच्या बैठकीला मात्र तिला कुणी बोलावत नाही.

आता लातूरकडे पाहा. शिवारच्या शिवार सोयाबीनचे. ऑगस्ट २०२३ हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. शेंगा भरायच्या वेळी पावसाने दडी मारली, आणि सगळे रान एकाच पिकाचे असले की दुसरे काही हाती राहत नाही. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठही आता सोयाबीनमध्ये तूर घ्या म्हणून सांगते. तत्त्व तेच आहे. ते विद्यापीठाने सांगितले की विज्ञान आणि कोलामाच्या वावरात दिसले की मागासलेपण, ही वाटणी मला मान्य नाही.

पुरावा मागणाऱ्यांनी याच दोन जिल्ह्यांतली जनावरे पाहावीत. लाल कंधारी आणि देवणी हे गोवंश कंधार, मुखेड, उदगीर, देवणी या भागांतले. आज राष्ट्रीय पातळीवर नोंद झालेल्या जातींत त्यांची गणना होते. त्यांची निवड कोणत्या प्रयोगशाळेत झाली नाही. उन्हाळ्याच्या तापात कोणती गाय टिकते, कोणता खोंड ठेवायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणाऱ्यांनी ठरवले. उष्णता वाढत जाणार असेल तर हीच कसोटी पुढे कामी येणार आहे.

लोकसहभाग आहेच, असे कुणी सांगेल. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ पासून नांदेड-लातूरच्या गावांतही आला, गावोगाव समित्या झाल्या, सूक्ष्म नियोजन झाले. प्रकल्पाने ठिबक दिले, शेततळी दिली, ते उपयोगी आहे. पण कोणत्या बाबीला अनुदान आहे हे आधी ठरवून मग ‘तुम्हाला यातले काय हवे’ असे विचारणे म्हणजे अर्ज भरून घेणे. गावाकडे काय आहे, ते कशाने मोडकळीला आले, ही चौकशी त्यात होत नाही. जैवविविधता नोंदवह्यांचेही तेच. कायदा २००२ चा, पण राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत घातल्यावर कामाला घाई आली, आणि घाईने भरलेल्या वहीत झाडांची नावे उतरतात, मोहाखाली पहाटे जाणारी माणसे उतरत नाहीत.

मोहाचा विषय निघाला म्हणून सांगतो. एका पावसाळ्याने दगा दिला तरी मोह चैत्रात फुलतो. फुले वाळवून ठेवता येतात, विकताही येतात. टंचाईत हाच आधार असतो. पण जंगलात शिरायचाच हक्क नसेल तर हे ज्ञान दोन पिढ्यांत संपेल. म्हणून २००६ च्या वनहक्क कायद्यातले सामूहिक दावे निकाली काढणे हेही हवामानाचेच काम आहे. ते वेगळ्या फायलीत ठेवता येणार नाही.

जुने ते सगळे सोने म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी धरणाचे पाणी हसनाळ आणि आसपासच्या गावांत शिरले, माणसे गेली. धरण, फुगवटा आणि काही तासांत कोसळणारा पाऊस यांचे गणित कोणत्याही जुन्या आठवणीत बसत नाही. तिथे रडार हवे, पर्जन्यमापक हवेत, रात्री वाजणारा भोंगा हवा. मात्र भोंगा वाजल्यावर कोणत्या पांदीने बाहेर पडायचे, कोणता ओढा आधी वाट अडवतो, हे गावच सांगू शकते. दोन्हींची गरज आहे. माझा विरोध एकालाच खुर्ची देण्याला आहे.

एकटे तज्ज्ञ पुरेसे असते तर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले नसते. अभियंत्यांची तेव्हा वाण नव्हती. मांजरा धरणाचे पाणी कोणाच्या पिकाला, हे ठरताना कोरडवाहू माणूस मात्र त्या बैठकीत नव्हता.

पॅरिस कराराच्या सातव्या कलमात अनुकूलनासाठी विज्ञानाबरोबर आदिवासींचे आणि स्थानिक ज्ञान घेण्याची गोष्ट लिहिली आहे. तितक्या दूर जायचीही गरज नाही. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात गावपातळीवर पंचायतीने विकासाची योजना राबवण्याआधी ग्रामसभेची मंजुरी लागते, आणि किनवट तालुक्यातली कितीतरी गावे त्या क्षेत्रात येतात. जिल्हा प्रशासनाने हवामानाचा आराखडा मसुदा असतानाच या ग्रामसभांपुढे ठेवावा, गोंडी आणि कोलामीत समजावून सांगावा, बदल सुचवायला वेळ द्यावा. सरता धरणाऱ्या बाया आणि गुरे राखणारे यांना त्या बैठकीच्या दिवसाची मजुरी द्यावी. ग्रामसभेने नाकारलेला आराखडा जिल्हा नियोजन समितीने मंजूर करू नये.