एकटीनं किती ओढायचं?

घरात कुणाचा पाय मोडला की सगळी गल्ली विचारपूस करायला येते. कुणी डबा आणतं, कुणी रात्री दवाखान्यात थांबतं. पण मनाचा आजार झाला तर? दार लोटून घेतलं जातं. लोक काय म्हणतील, पोरीचं लग्न कसं जमेल, या धास्तीनं घर गप्प होतं. आणि त्या बंद दाराआड सगळा भार पडतो तो बहुधा एकाच बाईवर. कधी आई, कधी बायको, कधी बहीण.

मंगळवेढ्याच्या आसपास बचत गटांच्या बैठकांना गेलं की हे चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. गोळ्या देणं तिच्याकडे, रात्री जागणं तिच्याकडे, सोलापूरच्या सिव्हिलला नेणंही तिच्याकडेच. जाऊन-येऊन शंभरच्या वर किलोमीटर, दिवसाचा रोजगार बुडतो तो वेगळाच. ज्वारीची काढणी आली की फेरी चुकते. 'आता बरा दिसतोय की' म्हणून गोळ्या बंद होतात आणि आजार पुन्हा उसळतो. वर बोल लागतो तिलाच, 'तुझं लक्ष नव्हतं' म्हणून!

2004 साली आलेला 'देवराई' हा सिनेमा आठवतोय? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाचं काम अतुल कुलकर्णींनी केलंय आणि आपला संसार सांभाळून त्याच्यासाठी झटणाऱ्या बहिणीचं सोनाली कुलकर्णींनी. या सिनेमामागे उभे होते डॉ. जगन्नाथ वाणी. ते कॅनडात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. घरातलं दुःख घरात न ठेवता त्यांनी पुण्यात 'सा' म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. तिथल्या स्वमदत गटात रुग्ण आणि नातेवाईक एकत्र बसतात, मन मोकळं करतात, एकमेकांच्या अनुभवातून शिकतात.

तुम्ही म्हणाल, 'पुण्याचं ठीक आहे हो, आपल्याकडं कुठलं आलंय?' तर मग नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांचं ऐका. तिथे 2013 च्या सुमारास 'आत्मीयता' नावाचा उपक्रम सुरू झाला. गावातल्याच, लोकांचा विश्वास असलेल्या माणसांना त्यात शिकवून तयार केलं. त्रासलेल्या माणसाचं चार-सहा वेळा बसून नीट ऐकायचं, मोबाईलवर छोट्या फिल्म दाखवायच्या, सरकारी योजनेची वाट दाखवायची आणि आजार मोठा वाटला की डॉक्टरकडे पाठवायचं. यातल्या कुठल्या कामाला मोठी पदवी लागते, सांगा बरं?

आपल्याकडेही माणसं आहेत, फक्त एकत्र आलेली नाहीत. आशाताई घरोघर जातातच. गोळ्या संपत आल्यात का, एवढं त्यांनी विचारलं तरी पुष्कळ. काढणीच्या दिवसांत शेजारच्या दादांनी सोलापूरची एक फेरी करावी. बचत गटातल्या दोघींनी दुपारचे दोन तास त्या घरी बसावं, म्हणजे त्या माऊलीला डोळा तरी लागेल. आणि रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर 14416 हा 'टेली-मानस'चा मोफत नंबर आहे. 2022 पासून सुरू आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. देवाला हात जरूर जोडा, पण अंगाऱ्यासाठी गोळी बंद करू नका.

दोन पथ्यं मात्र पाळायला हवीत. गटात बोललेलं नळावर पोचता कामा नये. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, त्यालाही विचारलं पाहिजे. त्याला कोण सोबत हवंय, कशाचा त्रास होतोय, गोळीनं फार झोप येते का? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याला तसा हक्कच दिलाय. उपचाराच्या निर्णयात आपल्याला आधार कुणी द्यायचा, हे तो साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून ठरवू शकतो. तो आजारी आहे, म्हणून त्याला मत नाही असं नव्हे.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की पाच मिनिटं जास्त बसा. आपल्या गल्लीत अशी कुणी एकटी ओढतेय का, याचा विचार करा. असली तर दोघी-तिघी तिच्या घरी जा. सल्ला द्यायची घाई नको. 'येत्या आठवड्यात तुझं कुठलं काम आम्ही करू?' एवढंच तिला विचारा.