ड्रमने घेतलेली व्हायवा

शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, म्हणून शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मुद्दा मात्र स्पष्टच सांगतो. आपल्या जर्नलमधली रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमधून येतात, हे सर-मॅडमनाही माहीत आहे.

सुट्टीत आम्ही चौघांनी मित्राच्या शेतावर २०० लिटरच्या लोखंडी ड्रमचा स्मोकर केला. टेक्सासमध्ये धुरावर तासन्‌तास मांस शिजवतात ना, तोच प्रकार. आधी आत लाकडं पेटवून जुना रंग जाळून काढला. इथे कॉपी करायला सीनियर नव्हता!

पहिल्या खेपेला धूर वाया जाऊ नये म्हणून वरचं धुराडं बंद ठेवलं. कोंबड्या काळ्या, कडूजहर. कुत्र्यानेही नुसता वास घेतला. हवा कोंडली की लाकूड नीट जळत नाही, धुमसतं आणि तो घाण धूर मांसावर बसतो. मग धुराडं उघडं ठेवलं, खाली तीन भोकं पाडून बॉल व्हॉल्व्ह बसवले. हवा जेवढी, आग तेवढी. तापमान ११० अंशांवर टिकलं.

नंतर बकऱ्याची मांडी ६८ अंशांवर जी अडली, ती दोन तास हलेना. थर्मामीटर बिघडला म्हणून आम्ही भांडलो. खरं तर मांसावरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जात होतं, घाम सुकताना गार वाटतं तसं. हीट ट्रान्सफरमध्ये हे मी पाठ केलं होतं, कळलं तिथे.

म्हणून विनंती, चुकलेलं रीडिंग खरं लिहिलं तर मार्क कापू नका, का चुकलं ते विचारा. आणि रेक्टर सर, हॉस्टेलमागे एका ड्रमपुरती जागा मिळेल का?