शेवटच्या ओळीतले नाव

पहिल्या सत्रात संतकाव्य शिकवताना सरांनी वर्गाला एक प्रश्न विचारला होता, "अभंगाच्या शेवटी कवी आपले नाव का घालतो?" कोणी म्हणाले, परंपरा म्हणून. कोणी म्हणाले, चालीत बसते म्हणून. मागच्या बाकावरून एकाने "कॉपीराइट, सर!" असे उत्तर ठोकले आणि सारा वर्ग हसला. सरही हसले, पण लगेच म्हणाले, "हसू नका. तो अगदीच चुकलेला नाही."

त्या दिवशी मीही हसलो होतो. दिवाळीच्या सुट्टीत ते हसू माझ्याच अंगाशी आले. ती हकिगत सांगावी आणि तिच्या निमित्ताने नव्या माध्यमांविषयी चार शब्द लिहावेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचे गाव भोर तालुक्यातले. गावात पिठाची गिरणी येऊन कित्येक वर्षे लोटली. आजीचे जाते पडवीच्या कोपऱ्यात असते आणि डाळ भरडण्यापुरते फिरते. गणपतीला घरी गेलो तेव्हा ती अशीच डाळ भरडत ओव्या म्हणत होती. मी खिशातला फोन काढून समोर धरला. सात मिनिटांचे गाणे झाले. पण सात मिनिटे आज कोण ऐकणार? मी त्यातले चाळीस सेकंद ठेवले, बाकीचे कापले, खाली 'गावाकडची आठवण' एवढेच शब्द लिहिले आणि इन्स्टाग्रामवर रील टाकून दिली. कापताना मनाला काहीही वाटले नाही. उलट आपल्याला संपादन जमते याचा अभिमानच वाटला.

रील पसरली. कोणी आजीच्या आवाजाखाली ढोल घातला, कोणी त्यावर पावसाळ्यातल्या सह्याद्रीची दृश्ये लावली. एका साडीच्या दुकानाने तर तो आवाज जाहिरातीलाच वापरला. मी वर्गात मिरवून घेतले.

दिवाळीत शेजारच्या वहिनींनी आजीला नेमकी ती साडीची जाहिरात दाखवली. आजीने फोन डोळ्यांजवळ नेला, मग कानाशी नेला आणि मला विचारले, "आवाज माझा हाय, पर म्होरं ही बाई कोण हाय रं?"

मी काहीतरी सारवासारव केली. तिने पुढे विचारले, "आन् म्होरल्या ओव्या?"

"कापल्या, आजी. लांब होत होतं."

"तुझ्या आत्याची ओवी बी?"

माझी थोरली आत्या ऐन तरुणपणी गेली. तिचे नाव आजी एरवी उच्चारत नाही. फक्त जात्यावर बसली की शेवटच्या ओव्यांत घेते. हे मला ठाऊक होते. तरीही कापताना आठवले नाही. आजी रागावली नाही. "बरं," एवढेच म्हणून ती चुलीकडे उठून गेली. तिने दोन शब्द सुनावले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या संध्याकाळी सापडले. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे' ही नावे शेवटी का येतात? अभंग कवीला घरी सोडून गावोगाव जातो म्हणून. वाटेत त्याला शेकडो तोंडे भेटतात. कवी सोबत नसतो, त्याचे नाव सोबत असते. शाहिरांनीही हेच केले. पठ्ठे बापूरावांनी आपले नाव लावणीत गुंफले आणि वामनदादा कर्डकांच्या गीतांत शेवटी 'वामन' येतो, तो याच परंपरेतून.

जात्यावरच्या ओवीत मात्र गाणारीचे नाव सहसा नसते. ती भावाचे नाव घेते, लेकराचे घेते, माहेरच्या गावाचे घेते. स्वतःचे घेत नाही. कारण ते गाणे अंगणाबाहेर जाणारच नव्हते. पहाटे कोणाच्या घरातून कोणाचा आवाज येतो, हे साऱ्या आळीला ठाऊक असे. ज्याला प्रवास करायचा नाही, त्याला ओळखपत्र कशाला? त्या आवाजाला अंगणाबाहेर काढले माझ्या फोनने. म्हणजे तिच्या नावाची जबाबदारीही माझ्यावर आली. ती मी पाळली नाही.

येथे कोणी म्हणेल, नव्या माध्यमांच्या नावाने खडे फोडणे ही जुनीच रीत आहे. मान्य आहे. म्हणून एक जुने नवे माध्यमच पाहू. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. ग्रामोफोनच्या तबकडीवर तीनएक मिनिटेच मावत; तासभर रंगणारी मैफल तेवढ्यात बसवावी लागे. कापाकापी तेव्हाही होतीच. पण गाणे संपताच गौहर जान आपले नाव इंग्रजीत खणखणीत उच्चारीत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि गाणे कोणाचे हे तिथल्या कारागिरांना कळावे, हा त्यामागचा व्यवहार. कारण व्यवहाराचे असेल, पण नाव टिकले. पुढे १९५७ साली विविध भारती सुरू झाली. तिथेही निवेदक गाण्याबरोबर गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे सांगत आले. घरोघरी माणसे ती नावे ऐकूनच शहाणी झाली.

मग आज वेगळे काय घडले? २०१६ नंतर मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तोच पुढच्या महिन्यात भारतात इन्स्टाग्रामची रील आली. आरंभी ती अवघ्या पंधरा सेकंदांची होती. या माध्यमात पहिल्या दोन-तीन क्षणांत बोट थांबले तर थांबले, नाहीतर पुढे सरकले. आमच्या परंपरेने नाव शेवटच्या ओळीत ठेवले आणि तिची गाठ पडली ती शेवटापर्यंत न थांबणाऱ्या बोटाशी!

तरीही सारा दोष यंत्राच्या माथी मारणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. रीलखाली नाव लिहायला जागा होती. ती मी रिकामी ठेवली. आणि याच इंटरनेटवर उलट उदाहरणही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने त्या इंटरनेटवर प्रसिद्ध केल्या. तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव असते, गाव असते, तालुका असतो. माध्यम तेच; वापरणारा हात निराळा.

कायदाही या बाबतीत मुका नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि सादर करणाऱ्या कलावंताला त्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क मिळाला. मागच्या बाकावरचा आमचा मित्र खरोखरच फारसा चुकला नव्हता.

आता थोडे आपल्याच घरात डोकावू. यंदाच्या स्नेहसंमेलनात आपण लोकनाट्य केले. गण, गवळण, बतावणी, वग असे सारे दोन तास रंगले. जगापुढे काय गेले? लावणीतली अर्ध्या मिनिटाची गिरकी. वग लिहिणारा आपलाच मित्र, ढोलकी धरणारा मित्र, रात्र जागून पडदा रंगवणाऱ्या मैत्रिणी, यांपैकी एकाचेही नाव त्या तुकड्याबरोबर गेले नाही. आणि संपूर्ण प्रयोगाचे चित्रीकरण महाविद्यालयात कोणाकडेच नाही! पाच वर्षांनी कोणी विचारले तर आपण काय दाखवणार, ती गिरकी?

म्हणून माझी विद्यार्थी मित्रांना आणि प्राध्यापकवर्गाला नम्र सूचना आहे. यापुढे प्रत्येक प्रयोगाचे संपूर्ण चित्रीकरण व्हावे आणि ते ग्रंथालयात पुस्तकासारखे नोंद होऊन राहावे. तुकडे खुशाल पसरवावेत, पण कलावंतांची नावे तुकड्याच्या आरंभी घालावीत, कारण शेवटापर्यंत कोणी येत नाही. आणि घरातल्या किंवा गावातल्या माणसाचा आवाज बाहेर नेण्यापूर्वी त्याला एकदा विचारावे. यासाठी निधी लागत नाही, ठराव लागत नाही. दोन मिनिटे लागतात. चाळीस सेकंदांच्या हौसेपायी आपल्याला तेवढीही सवड उरली नसेल, तर संस्कृतीच्या ऱ्हासावर परिसंवाद भरवण्याचा आपल्याला काय अधिकार?

माझ्यापुरते मी एवढे केले. जुनी रील काढून टाकली. लोकांनी उचललेल्या तिच्या प्रती काही परत येत नाहीत. मग आजीला विचारून संपूर्ण सात मिनिटांचे गाणे टाकले. आरंभी तिचे आणि गावाचे नाव घातले. ते फार थोड्यांनी ऐकले आहे. या लेखातही तुझे नाव छापू का, असे विचारले तेव्हा आजी हसली. "कागदावर कशाला? माझी काय लगीनपत्रिका हाय? गाण्याखाली घातलंस, तेवढं पुरं."

मग जरा थांबून तिने विचारले, "आत्याची ओवी हाय न्हवं त्यात?"

आहे, आजी. शेवटी आहे. जो शेवटापर्यंत ऐकेल, त्याला ती ऐकू येईल.

(तृतीय वर्ष कला, मराठी विभाग)