नगरचा किल्ला : पत्रांतून दिसणारे युद्ध

१/ युद्धपट म्हटला की तोफा आणि धूर डोळ्यांसमोर येतात. आम्हा नगरकरांना तर युद्धाची आठवण रणगाडा संग्रहालयातच भेटते. परंतु महायुद्धकालीन नगरची सर्वांत हृद्य कथा किल्ल्यात लिहिल्या गेलेल्या पत्रांत आहे. ती पडद्यावर कशी यावी, याविषयी हा थ्रेड.

२/ आधी एक पोर्तुगीज उदाहरण. ज्या १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्याच वर्षी अंगोलात पोर्तुगालविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटले. १९७१ ते १९७३ या काळात आंतोनियु लोबो आंतुनेश हे तरुण डॉक्टर तेथे पोर्तुगीज सैन्यात होते. पुढे ते थोर कादंबरीकार झाले.

३/ त्यांनी पत्नीला धाडलेल्या पत्रांवर इव्हो फेरेइरा यांनी २०१६ मध्ये ‘कार्ताश दा गेर्रा’ (युद्धातली पत्रे) हा कृष्णधवल चित्रपट केला. पत्रे पतीची, वाचणारा आवाज पत्नीचा. युद्धाने माणसांतून काय हिरावले, हे त्या आवाजातून कळते.

४/ आता नगरकडे वळू. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झालेले काँग्रेस कार्यकारिणीचे नेते येथील किल्ल्यात आणले गेले. नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आणि अध्यक्ष मौलाना आझाद त्यांत होते.

५/ १९४४ मध्ये नेहरूंनी येथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. त्यावर श्याम बेनेगल यांनी ५३ भागांची ‘भारत एक खोज’ ही मालिका केली. ती थोरच, पण तिचा विषय पुस्तकातील भारत होता, किल्ल्यातील दिवस नव्हेत.

६/ त्या दिवसांचे अंतरंग आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’ या उर्दू पत्रसंग्रहात सापडते. मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना लिहिलेली ही पत्रे तेव्हा धाडलीच गेली नाहीत. पहाटेचा चिनी चहा, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या, संगीत असे विषय त्यांत येतात.

७/ आणि एप्रिल १९४३. पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात मृत्युशय्येवर होत्या. सरकारकडे काही मागणे असेल तर कळवावे, असे अधीक्षकांनी सुचवले. आझादांनी नकार दिला. दिनक्रमही बदलू दिला नाही. काही दिवसांत निधनाची वार्ता आली.

८/ पाठ्यपुस्तक या नकाराला ‘त्याग’ म्हणून मोकळे होईल. माझ्या मते चित्रपटाने तेथेच थांबावे. नकार आझादांचा होता. त्याची किंमत मात्र दोघांनी चुकवली आणि त्यांतील एकीला कोणी विचारले नव्हते.

९/ पोर्तुगीज चित्रपटातील पत्नीला निदान पतीचे शब्द तरी वाचायला मिळाले. येथे पत्रेही मित्राच्या नावे. म्हणून कोणी पटकथाकार जुलेखा बेगमांच्या तोंडी काल्पनिक पत्रे घालील, तर ती मला इतिहासाची फसवणूक वाटेल. त्यांची जागा रिकामीच दिसू द्यावी. चहाचा पेला, चिमण्यांचा कलकलाट आणि मध्ये एक न उच्चारलेले नाव, एवढे पुरे.

१०/ किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे. तेथे गेलात, तर नेहरूंच्या खोलीसमोर छायाचित्र जरूर काढा. पण त्या मोठ्या ग्रंथाइतकीच या न धाडलेल्या पत्रांचीही आठवण ठेवा. (समाप्त)