ऑपरेशननंतरची साखर : ‘उतरेल आपोआप’ म्हणू नका

‘ऑपरेशन चांगलं झालं, फक्त साखर वाढलीय. सलाईनमुळं असेल, उतरेल आपोआप.’ बारामती-इंदापूरच्या दवाखान्यांत पेशंटला भेटायला गेलं की हे ऐकायला मिळतं. माझ्या मते हा दिलासा महागात पडतो.

ऑपरेशनच्या ताणानं शरीरात कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन ही संप्रेरकं वाढतात. यकृत रक्तात जास्त साखर सोडतं आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. म्हणून मधुमेह नसलेल्याचीही साखर चढू शकते. ती 180 च्या वर राहिली तर जखमेत पू होण्याचा धोका वाढतो, जखम लवकर भरत नाही. उसाच्या फडात किंवा एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्याची जखम पंधरा दिवस उशिरा भरली, तर तेवढी मजुरी बुडते.

काहींची साखर ताण ओसरला की उतरते. काहींना मात्र मधुमेह आधीपासूनच असतो, तो ऑपरेशनच्या वेळी उघडा पडतो. हा फरक एचबीएवनसी तपासणीतून कळतो. तिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. आकडा 6.5 किंवा जास्त आला, तर मधुमेह जुना असण्याची शक्यता मोठी. रक्त चढवलं असेल तर हा आकडा फसवू शकतो, तेव्हा डॉक्टरांना तसं सांगा.

‘इन्सुलिन एकदा सुरू झालं की जन्माचं’ ही भीतीही सोडा. पुष्कळांना ते काही दिवसच लागतं. पण गोळ्या-इंजेक्शनं मनानं चालू-बंद करू नका. साखर 70 च्या खाली जाणंही जिवावर बेततं. भेटायला जाताना मोसंबीचा रस, ग्लुकोज बिस्किटं नेण्याआधी सिस्टरला विचारा.

माझी मागणी साधी आहे. डिस्चार्ज कार्डावर साखरेचे आकडे आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली असावी. नसेल तर मागून घ्या, त्यात कमीपणा नाही. पुढची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात मोफत होते.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. 1948 मध्ये लग्न झाल्यावर डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांची औषधं, पथ्य सांभाळलं. प्रत्येक घरात डॉक्टर नसतो, पण आकडा विचारून वहीत लिहिणारं एक माणूस नक्की असू शकतं.