मोजणाऱ्याचीच परीक्षा

युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून जवळजवळ रोज सकाळी एक आकडा जगासमोर येतो. आदल्या दिवशी रशियाची किती मनुष्यहानी झाली, किती रणगाडे गेले, हे युक्रेनचं लष्करी मुख्यालय जाहीर करतं. रशियाचं संरक्षण मंत्रालय युक्रेनच्या हानीचे आकडे देतं. स्वतःच्या हानीबद्दल मात्र दोघांचीही तोंडं बहुतेक वेळा बंद असतात. हेच आकडे आपल्याकडच्या वाहिन्यांवर नकाशाशेजारी झळकतात आणि ‘कोण जिंकतंय’ यावर तासभर खल होतो. त्या चर्चेला निवृत्त लष्करी अधिकारी असतात, माजी राजदूत असतात, पक्षांचे प्रवक्ते असतात. आकड्यांवर ज्याचं पोट आहे असा माणूस मात्र तिथे क्वचितच दिसतो.

यात वाहिन्यांचा जेवढा दोष आहे तेवढाच आपलाही आहे. ‘हे राजकारण, आपण कशाला पडा’ म्हणून संख्याशास्त्राच्या मंडळींनी या विषयापासून हात झटकले. युद्ध योग्य की अयोग्य, हे ठरवणं आपल्या व्यवसायाचं काम नाही, हे मान्य. पण युद्ध कसं चाललंय हे आकड्यांत सांगितलं जाऊ लागलं की तो प्रांत आपला होतो. त्यातले धोकेही आपल्याला नवे नाहीत. व्हिएतनामच्या युद्धाने ते सगळे एकाच ठिकाणी मांडून ठेवले आहेत, म्हणून या अंकात त्याकडे वळतो आहोत.

ज्याच्या काळात हे आकडे उदंड झाले तो माणूस आपल्याच पंथातला होता. रॉबर्ट मॅकनामारा हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवत असत. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी हवाई दलाच्या सांख्यिकी नियंत्रण विभागात काम केलं. पुढे ते फोर्ड कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९६१ ते १९६८ संरक्षणमंत्री होते. व्हिएतनाममध्ये आघाडीची रेषाच नव्हती. आज गाव जिंकलं आणि उद्या पुढचं, असं दाखवायला नकाशा उपयोगाचा नव्हता. मग प्रगती मोजायची कशी? उत्तर निघालं ते मारलेल्या शत्रूंच्या मोजणीचं, म्हणजे ‘बॉडी काउंट’चं. शत्रू नवी माणसं उभी करतो त्यापेक्षा जास्त मारली की एक दिवस त्याचा साठा संपेल, असा सेनापती विल्यम वेस्टमोरलंड यांचा हिशेब होता.

कागदावर हिशेब चोख आहे. गोची मोजणाऱ्याची होती. मेलेले मोजायचे ते लढणाऱ्या तुकडीनेच, आणि त्याच आकड्यावर त्या तुकडीच्या कमांडरचा गोपनीय अहवाल, पदक आणि बढती ठरायची. रात्री, भातखाचरात, गोळीबार चालू असताना प्रेतं मोजायला कोण जाणार? जी सापडली त्यातला शेतकरी कोण आणि बंडखोर कोण? मेलेला व्हिएतनामी तो व्हिएतकाँगच, असं सैनिकांमध्ये सर्रास बोललं जाई. तिथे सेनापतिपद सांभाळलेल्या अमेरिकी जनरलांकडून निवृत्त ब्रिगेडियर जनरल डग्लस किनार्ड यांनी पुढे प्रश्नावली भरून घेतली आणि निष्कर्ष १९७७ साली पुस्तकात मांडले. ६१ टक्के जनरलांनी हा आकडा अनेकदा फुगवलेला असे, असं सांगितलं. प्रगती मोजायचं हे माप ग्राह्य आहे असं म्हणणारे निघाले अवघे दोन टक्के. म्हणजे ज्यांच्या सहीने आकडे वर गेले, त्यांचाच त्यांच्यावर विश्वास नव्हता.

वर्गात फळ्यावर लिहून दाखवावं असं एक उदाहरण आहे. डिसेंबर १९६८ ते मे १९६९ या काळात अमेरिकेच्या नवव्या पायदळ डिव्हिजनने मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात ‘स्पीडी एक्सप्रेस’ नावाची मोहीम चालवली. अहवालात शत्रूचे सुमारे १०,९०० सैनिक मारल्याची नोंद आहे. त्याच अहवालात हस्तगत केलेली शस्त्रं आहेत ७४८. चौदाहून अधिक माणसांमागे एक शस्त्र! लष्कराने स्पष्टीकरण दिलं की बरेच जण रात्री आणि हवाई माऱ्यात मेले, शस्त्रं चिखलात आणि कालव्यात गेली, शिवाय प्रत्येक गनिमाकडे शस्त्र असतंच असं नाही. यातलं काही खरंही असेल. पण हे दोन रकाने शेजारी ठेवले की ज्याला कोष्टक तपासायची सवय आहे त्याचा हात तिथेच थांबायला हवा. ‘न्यूजवीक’चे केविन बकली आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर शिमकिन यांचा थांबला. ते त्या भागात गेले, रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या, गावकऱ्यांशी बोलले. त्यांचा वृत्तान्त जून १९७२ मध्ये छापून आला. मृतांमध्ये पाच ते सात हजार नागरिक असावेत, असा लष्कराच्याच महानिरीक्षकांच्या कार्यालयाचा अंतर्गत अंदाज होता. तो बाहेर यायला पुढे कितीतरी वर्षं लागली.

बॉडी काउंट बदनाम आहे, म्हणून त्यावर बोलणं सोपं जातं. ‘हॅम्लेट इव्हॅल्युएशन सिस्टिम’ ही दुसरी पद्धत अधिक शिकवते, कारण ती सुशिक्षित लोकांनी चांगल्या हेतूने आखली होती. १९६७ च्या सुरुवातीपासून दक्षिण व्हिएतनाममधल्या बारा हजारांहून अधिक वाड्या-वस्त्यांची दर महिन्याला पाहणी होऊ लागली. निर्देशक अठरा, निम्मे सुरक्षिततेचे आणि निम्मे विकासाचे. प्रत्येकाला ए ते ई अशी श्रेणी. श्रेणी द्यायची जिल्ह्यावरच्या अमेरिकी सल्लागाराने. हा बहुधा मेजर किंवा कॅप्टन, वर्षभराच्या नेमणुकीवर आलेला, भाषा जेमतेम येणारा, दुभाष्यावर आणि स्थानिक जिल्हाप्रमुखावर विसंबलेला. त्याच्या वाट्याला डझनावारी वस्त्या. मग त्या अक्षरांना अंक देऊन सरासरी काढायची. क्रमवाचक मापाची सरासरी काढू नये, हे आपण पहिल्या वर्षाला शिकवतो.

पण त्याहून मोठी अडचण वेगळी होती. वस्तीची श्रेणी घसरली तर तो ठपका येई सल्लागाराच्या कामगिरीवर. १९६७ च्या अखेरीस या पद्धतीने सुमारे ६७ टक्के लोकसंख्या सुरक्षित ठरवली आणि तो आकडा वॉशिंग्टनमध्ये प्रगतीचा पुरावा म्हणून मिरवला गेला. नंतर ही पद्धत सुधारली. १९७० च्या आवृत्तीत सल्लागाराने फक्त वस्तुनिष्ठ प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि श्रेणी सायगॉनमध्ये बेझच्या सूत्राने काढायची, असं ठरलं. कुठल्या उत्तराने श्रेणी किती हलते हे भरणाऱ्याला कळू नये, हा त्यामागचा हेतू. रोग कुठे आहे हे आखणाऱ्यांना उमगलं होतं, पण तोवर तीन वर्षांचे आकडे सार्वजनिक चर्चेत वापरून झाले होते.

खोटेपणा नसतानाही आकडा एकाच दिशेला झुकतो, हे मराठी संख्याशास्त्रज्ञांना तरी नव्याने सांगायला नको. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पीक कापणी प्रयोगांत नेमकं हेच दाखवलं होतं. कापणीचा तुकडा फार लहान घेतला की प्रगणक कडेची रोपं नकळत आत ओढतो आणि उत्पादनाचा अंदाज वाढतो. प्रगणक लबाड नसतो, पण त्याचा हात आतल्या बाजूला वळतो. असे आणखी हजार तुकडे कापले तर प्रमाण चूक कमी होईल, अभिनती जागच्या जागी राहील. व्हिएतनाममध्ये दर महिन्याला संगणकाचे गठ्ठेच्या गठ्ठे छापले जात होते. त्यामुळे अभिनती तसूभरही हलली नाही. भरवसा तेवढा वाढला.

तिसरा वाद व्याख्येचा. शत्रू किती, हा साधा वाटणारा प्रश्न १९६७ मध्ये सीआयए आणि सायगॉनमधलं लष्करी मुख्यालय यांच्यात महिनोन्महिने धुमसत होता. सीआयएतले विश्लेषक सॅम अ‍ॅडम्स यांचा आकडा सहा लाखांच्या घरात होता. लष्कर तीन लाखांच्या वर जायला तयार नव्हतं. मतभेद गावोगावच्या अर्धवेळ स्वसंरक्षण पथकांवरून होता. दिवसा शेती करणारे आणि रात्री सुरुंग पेरणारे हे लोक सैन्यात धरायचे की नाही? यावर प्रामाणिक मतभेद असू शकतो. पण आकडा वाढला तर वृत्तपत्रं निराशाजनक अर्थ काढतील, अशी चिंता सायगॉनहून गेलेल्या लष्करी तारांमध्ये स्पष्ट व्यक्त झाली होती. अखेर त्या पथकांना वगळून अंदाज पक्का झाला. लक्षात घ्या, ज्यांना शत्रूच्या यादीतून वगळलं त्यांच्यातले मेलेले बॉडी काउंटमध्ये धरले जातच होते. अंश एका व्याख्येचा, छेद दुसऱ्या व्याख्येचा!

२१ नोव्हेंबर १९६७ रोजी वेस्टमोरलंड यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये शेवट दृष्टिपथात येऊ लागल्याचं सांगितलं. दहा आठवड्यांत, जानेवारी १९६८ च्या अखेरीस, टेटच्या सणात दक्षिण व्हिएतनामभरच्या शहरांवर एकाच वेळी हल्ले झाले. लष्करीदृष्ट्या त्यात हल्लेखोरांचंच जबर नुकसान झालं, हे आज बहुतेक इतिहासकार मान्य करतात. तरीही अमेरिकी जनमत फिरलं, कारण लोकांनी टेटची तुलना त्यांना आधी सांगितलेल्या आकड्यांशी केली. त्यानंतर सरकारने दिलेला खरा आकडाही कुणी खरा मानेना. मोजणीवरचा विश्वास एकदा गेला की तो खऱ्याखोट्याचा निवाडा करत बसत नाही.

हा सगळा दोष वर्दीवाल्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळं होता येणार नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इराकमधल्या मृत्यूंची पाहणी आली. ४७ समूह, १,८४९ कुटुंबं. अमेरिकी आक्रमणानंतरचे अतिरिक्त मृत्यू ६,५४,९६५; ९५ टक्के विश्वास अंतराल ३,९२,९७९ ते ९,४२,६३६. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पद्धतच निकालात काढली. युद्धविरोधकांनी मधला आकडा फलकांवर लिहिला, अंतराल फलकावर आला नाही. पुढे जानेवारी २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ९,३४५ कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध झाली. जवळपास त्याच काळातले हिंसक मृत्यू तिने सुमारे १,५१,००० धरले. लॅन्सेटच्या पाहणीत ते सहा लाखांवर होते. दोन पाहण्यांत चौपट फरक पडतो तेव्हा तो नमुन्याच्या आकाराने पडलेला नसतो. घरं कशी निवडली, प्रश्न कसे विचारले, कुटुंबांनी कुणाला घाबरून काय लपवलं, तिथे शोध घ्यावा लागतो. तो घ्यायचा तर पद्धत उघडी हवी. नेमकी तीच मागितल्यावर लॅन्सेटच्या पाहणीचे प्रमुख गिल्बर्ट बर्नहॅम यांनी मूलभूत तपशील दिले नाहीत, असा ठपका जनमत संशोधकांच्या अमेरिकी संघटनेने २००९ मध्ये ठेवला. हेतू मानवतेचा असला तरी कोष्टक झाकून ठेवायची सूट मिळत नाही.

अफगाणिस्तानात तर मोजणीच थांबली. किती जिल्हे सरकारच्या ताब्यात, किती तालिबानच्या, हे आकडे पुनर्बांधणीवरच्या अमेरिकी महानिरीक्षकांच्या त्रैमासिक अहवालात येत असत. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारच्या ताब्यातले वा प्रभावाखालचे जिल्हे ५३.८ टक्के होते. एप्रिल २०१९ च्या अहवालात कळलं की लष्कराने हे मूल्यमापन करणंच बंद केलं आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडलं.

मग काहीच करता येत नाही का? येतं. रशियातल्या स्वतंत्र पत्रकारांनी बातम्या, श्रद्धांजल्या आणि कबरींवरून मृत सैनिकांची नावानिशी यादी केली. ती किमान संख्या झाली. जुलै २०२३ मध्ये ‘मेडिआझोना’ आणि ‘मेदुझा’ या दोन वृत्तसंस्थांनी संख्याशास्त्रज्ञ दिमित्री कोबाक यांच्या साहाय्याने पुढचं पाऊल टाकलं. माणूस मेला की वारसाहक्काची नोंद होते, आणि रशियात ती नोंदवही सार्वजनिक आहे. त्या वहीत तरुण पुरुषांच्या नोंदी स्त्रियांच्या तुलनेत किती वाढल्या, हे त्यांनी मोजलं. साथीसारखं कारण असतं तर वाढ दोन्हीकडे दिसली असती. मे २०२३ पर्यंतच्या मृत्यूंचा अंदाज निघाला सुमारे ४७,०००. मर्यादा ४०,००० ते ५५,०००. पद्धत आणि विदा दोन्ही खुली ठेवली. मोजणाऱ्यांची बढती त्या आकड्यावर अवलंबून नव्हती, आणि ज्या कारकुनांनी मूळ नोंदी केल्या त्यांना आपण युद्ध मोजतोय याची कल्पनाही नव्हती. अशा अनभिज्ञ नोंदी सापडणं हे निम्मं काम.

यापुढे या मासिकात कुठल्याही युद्धाचा आकडा छापताना आम्ही चार गोष्टी सोबत मागू. मोजलं कुणी आणि त्या आकड्यावर त्याचं काय अवलंबून आहे? व्याख्या काय, आणि ती मध्ये बदलली का? पडताळणीला दुसरा रकाना कोणता? आणि चुकीचा झुकाव कुठल्या दिशेला संभवतो? यांची उत्तरं नसतील तर तो आकडा दावा म्हणून छापू, मोजमाप म्हणून नाही. वृत्तपत्रांत ज्यांची ओळख आहे त्या वाचकांनी हेच चार प्रश्न उपसंपादकांच्या टेबलापर्यंत पोहोचवावेत. शिक्षकांनी स्पीडी एक्सप्रेसचे दोन रकाने सरावाला द्यावेत.

साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेला हे प्रश्न विचारायला धैर्य लागत नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या चार दिवसांत पाडलेल्या विमानांचे परस्परविरोधी दावे आले, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी दोन्ही बाजूंच्या आकड्यांना एकच कसोटी लावली? लष्करी गुपितं फोडा असं कुणी म्हणत नाही. युद्ध चालू असताना काही गोष्टी झाकलेल्याच राहणार. पण जो आकडा जाहीर सांगितला जातो तो जाहीर तपासला जाणारच, मग तो आपल्या मनासारखा असो वा नसो. आपल्या व्यवसायाची पत मनासारख्या आकड्याच्या तपासणीवरच ठरते.