बडे अब्बांकडे ईदला जायचं का?



ईदची सुट्टी संपली, चिखलदऱ्यातल्या आमच्या वर्गात शीरखुर्म्याचे डबे फिरले. एक पोरगी मात्र गप्प. विचारलं तर म्हणाली, "सर, औंदा आमी परतवाड्याले बडे अब्बाच्या घरी नाई गेलो. अब्बू म्हन्ते, त्यायचा पैसा हराम हाये." बडे अब्बांची थोडी शेती आहे, पण मुख्य धंदा व्याजानं पैसे देण्याचा.

सावकारी म्हणजे काय, हे वऱ्हाडात कुणाला समजावून सांगायला नको. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. इस्लाममध्ये परवाना असो नसो, व्याज हरामच. म्हणजे अब्बूंचा राग खरा आहे. पण नातं तोडा, असं धर्म सांगतो का?

मी काही आलिम नाही, पण वाचलंय ते सांगतो. कुरआनच्या सूरह लुकमानमध्ये (३१:१५) म्हटलंय की आईवडील अल्लाहसोबत दुसऱ्याची भक्ती करायला भाग पाडत असतील, तर तेवढं ऐकू नका. वागणूक मात्र चांगलीच ठेवा. हजरत अस्मांची आई मुस्लिम नव्हती. ती भेटीला आली तेव्हा पैगंबरांनी त्यांना आईशी नातं राखायला सांगितलं. बुखारीत हा प्रसंग आहे. जे नातं श्रद्धेच्या फरकानं तुटत नाही, ते व्याजाच्या पैशानं का तुटावं?

राहिला प्रश्न जेवणाचा. चोरलेली बकरी समोर शिजत असेल, तर ती खायची नाही, यात वाद नाही. पण कमाई मिसळलेली असेल, काही शेतीची, काही व्याजाची, तर तिथं जेवायला बरेच आलिम परवानगी देतात. सगळीच कमाई हराम असेल, तर टाळावं असं अनेक जण सांगतात. पण जेवण टाळणं वेगळं आणि सलाम बंद करणं वेगळं. धंद्यात भागीदारी करू नये, त्यांचा हिशेब लिहून देऊ नये, आणि चूक आहे ते मोठ्यांनी मोठ्यांना तोंडावर सांगावं. नेमकं हेच आपण करत नाही.

आणि खरं बोलू का? हे सगळ्याच घरांत चालतं. लाच खाणारा मामा लग्नात पहिल्या रांगेत बसतो, त्याच्याशी कुणी अबोला धरत नाही. हराम आठवतो तो बहुधा वाटणीचं भांडण झाल्यावर.

त्या पोरीची दादी बडे अब्बांकडेच राहते. हे मी अब्बूंना शाळेत बोलावून फक्त आठवण करून दिली. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. मग म्हणाले, "बकरीदले पाहू, सर."